नर्मदेतली निळ्या नांग्यांची कोलंबी धरणामुळे गेली का?

सुरसागरकाठ

नमस्कार. प्रश्न साधाच आहे, पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

आम्ही बडोद्याचे, वाडीतले. पणजोबांपासून इथेच. घर सीकेपी, त्यामुळे मासळीवर सगळ्यांचा जीव. बाबा रेल्वेत होते आणि त्यांची ड्यूटी बरेचदा भडोचला लागायची. (आता सगळे भरूच म्हणतात, आमच्या घरात अजून भडोचच.) आषाढात दोन-तीनदा आणि मग गणपती झाल्यावर पुन्हा, असे ते तिथून येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून मासळी आणायचे. कधी पालवा, म्हणजे आपला पाला. आणि कधी कोलंबी.

ती कोलंबी मी नंतर कुठे पाहिली नाही. एकेक वीतभर लांब, आणि पुढचे दोन पाय अंगापेक्षाही लांब, गडद निळे, त्यांच्या टोकाला नांग्या. गोणपाट उघडलं की त्यातली एखादी अजून हलत असायची. आई आधी ते निळे पाय तोडून ताटात टाकायची, त्यांचा खड्‌खड्‌ आवाज व्हायचा. काहींच्या पोटाखाली शेंदरी अंड्यांचा घोस चिकटलेला असे. "ही अंड्यांवर आलीय," असं म्हणून आई तो घोस बोटाने अलगद सोडवायची आणि हळद-मीठ लावून तव्यावर परतून आम्हा दोघी बहिणींना द्यायची. बाकीच्याचं खडखडलं, म्हणजे आमच्या सीकेपी पद्धतीचं कालवण. डोक्यातल्या लाल चरबीने रस्सा असा रंगायचा की वेगळं तिखट घातल्यासारखं वाटे.

बाबा निवृत्त झाल्यावर ते आणणं थांबलं, तेव्हा वाटलं आणणारा माणूस नाही म्हणून मिळत नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः भडोचला जाऊन दोन सकाळी बाजारात शोधली. एकीकडे समुद्राची कोलंबी, दुसरीकडे तळ्यातली स्कॅम्पी. नदीची विचारली तर एक बाई म्हणाली, "बेन, ए तो नसीबमां होय तो मळे."

गेल्या महिन्यात गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन आम्ही पुढे सरदार सरोवर धरणाच्या जलाशयाच्या बाजूला गेलो. तिथे एका मुलाच्या जाळ्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान, काचेसारखी पारदर्शक कोलंबी होती, चांगली ओंजळभर. माझा मावसभाऊ लगेच म्हणाला, "बघ, आहे की कोलंबी! धरणाने उलट केवढं मोठं तळं मिळालं त्यांना." मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

तर कोणी सांगेल का, धरणाचा आणि त्या निळ्या नांग्यांच्या कोलंबीचा खरंच संबंध आहे का? पाणी वाढलं तर पाण्यातला जीव का कमी व्हावा?

मीठगोडं

ताई, मी भरूच जिल्ह्यात स्कॅम्पीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करायच्या केंद्रात, एकोणीस वर्षं काम केलं. (तुमचीच निळ्या नांग्यांची कोलंबी तळ्यात पाळली की तिला बाजारात स्कॅम्पी म्हणतात.) मूळचा बाबाजीपुऱ्यातला, आता पुन्हा बडोद्यातच राहतो. तुमचं ते शेंदरी अंड्यांचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण उत्तर त्या अंड्यांतच आहे.

आधी तुमच्या मावसभावाचं. जाळ्यातली ती बारीक, पारदर्शक कोलंबी वेगळ्या जातीची. मॅक्रोब्रॅकियम याच कुळातली, पण त्या कुळात काही जाती अशा आहेत की त्यांचा जन्म-मरणाचा सगळा फेरा गोड्या पाण्यात पुरा होतो. लॅमॅरी ही त्यातली एक. तिला तळं चालतं, जलाशय चालतो, शेततळंसुद्धा चालतं. तुमची निळ्या नांग्यांची म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. ती नदीत वाढते, नदीतच खाते, पण तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत.

हे जगाला कळलं तेच उशिरा. शाओ-वेन लिंग नावाचे शास्त्रज्ञ मलेशियात पेनांगला हिची पिल्लं वाढवायचा प्रयत्न करत होते. अंडी फुटायची, पिल्लं पोहायची आणि चार-पाच दिवसांत सगळी मरायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं की पाण्यात थोडं मीठ हवं. आज जगभर स्कॅम्पीची जी काही शेती होते, ती त्या मिठाच्या शोधावर उभी आहे.

हॅचरीत आम्ही रोज हेच करायचो. अंडेवाली मादी आणायची. अंडी आधी तुम्ही पाहिलीत तशी शेंदरी असतात. तीन आठवड्यांच्या आत-बाहेर ती करडी होतात आणि नीट पाहिलं तर आत काळे डोळे दिसायला लागतात. करडी झाली की समजायचं, आज-उद्या रात्री फुटणार. बहुतेक रात्रीच फुटतात. सकाळी टाकीवर बॅटरी धरली की उजेडाकडे धुकं सरकल्यासारखी पिल्लं गोळा होतात, उलटी, पोट वर करून, शेपटीकडून पोहणारी. मोठ्या मादीची एका वेळची अंडी ऐंशी हजार ते लाखाच्या घरात जातात. पाण्यात मीठ हजारी बारा भाग ठेवायचं. समुद्रात ते पस्तीस असतं, नदीत जवळजवळ शून्य. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर सतत खिशात. एकदा माझ्या पाळीत टाकीत गोडं पाणी जास्त गेलं, वाल्व्ह नीट बंद झाला नव्हता, आणि मला ते दीड दिवस उशिरा कळलं. पांढरा गाळ बसावा तशी पिल्लं तळाशी बसली होती. ती टाकी मी आयुष्यात विसरणार नाही.

असे अकरा टप्पे पार करत, महिनाभरात पिल्लू कात टाकून कोलंबीच्या रूपात येतं. आणि त्या दिवशी त्याची दिशा बदलते. कालपर्यंत उलटं तरंगणारं पिल्लू सरळ होतं, भिंत धरतं आणि ज्या बाजूने गोडं पाणी येतं तिकडे चढायला लागतं. टाकीत पाण्याची बारीक धार सोडली की त्या ओल्या पट्ट्यावरून पाण्याच्या बाहेर येऊन भिंतीवर चढत. सकाळी टाकीबाहेर फरशीवर सापडायची. आम्ही काठाला जाळी बांधायचो.

आता हेच नदीत बघा. पावसाळ्यात नर्मदेला पाणी चढलं की अंडेवाल्या माद्या वरून खाली भडोचच्या खाडीकडे निघतात. नदीचं गोडं पाणी आणि खंबातच्या आखातातून भरतीबरोबर आत येणारं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे तो मधला खारेपणा तयार होतो. तिथे पिल्लं महिनाभर राहतात आणि मग बोटाच्या नखाएवढी होऊन पुन्हा वर चालू लागतात, काठाकाठाने, दगडांवरून, प्रवाहाच्या उलट. म्हणजे या कोलंबीला नदी दोन्ही टोकांनी उघडी लागते आणि मधला रस्ता चालू लागतो.

मग धरणाने काय होतं? भिंत तर दिसतेच. वर चढणारी पिल्लं ओल्या खडकावरून चढू शकतात, पण सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर आहे आणि त्याआधी गरुडेश्वरचा बंधारा आहे. भिंतीच्या वर जी मादी राहिली, तिची पिल्लं जलाशयात फुटली तर तिथे पाणी थांबलेलं. खाली नेणारी धारच नाही. चार-पाच दिवसांत संपतात.

पण माझ्या मते भिंतीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती भिंतीच्या खालच्या नदीची. भडोचपाशी आमची हॅचरी नदीचं पाणी घ्यायची. उन्हाळ्यात त्या पाण्याची खारटपणाची मापं वर्षावर्षाला चढताना मी स्वतः वहीत लिहिलीत. २०१८च्या उन्हाळ्यात तर भडोचजवळ नदीचं पाणी इतकं खारं झालं की माणसांच्या पिण्याचा प्रश्न आला, वर्तमानपत्रांत आलं होतं. वरून गोडं पाणी दाबत नाही म्हणून समुद्र आत येतो. पिल्लांना बारा लागतं तिथे पंचवीस-तीस झालं, तर ती खाडी त्यांच्या कामाची राहत नाही. गोडी पट्टी वर सरकते, आखूड होते.

आणि मादीला निघायची खूण पुराची असते. पूर्वी आषाढात पाणी हळूहळू गढूळ होत चढायचं. आता धरण भरेपर्यंत खाली नदी तशीच, आणि भरलं की एकदम दरवाजे. सप्टेंबर २०२३च्या पुरात नर्मदाकाठच्या चांदोद आणि भडोचने काय सोसलं ते तुम्हाला माहीत आहे. तसा लोंढा खाडीतली बारीक पिल्लं थेट समुद्रात फेकतो.

तुमच्या बाजारातल्या बाईने नशीब म्हटलं ते तिच्या बाजूने खरं आहे. आम्हालाही पुढे पुढे नदीची अंडेवाली मादी मिळवायला कोळ्यांना चार-चार दिवस आधी सांगून ठेवावं लागायचं.

कालव्याकाठचा

मी पाटबंधाऱ्याच्या कामात तेहतीस वर्षं घालवली, त्यातली बरीच नर्मदेच्या कालव्यावर. वरचं वाचून काही मुद्दे मांडतो, रागाने नाही.

मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर आहे. कच्छ-सौराष्ट्रात ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागायचं, तिथे मी नळाला पाणी आलेलं पाहिलंय. एका म्हातारीने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. कोलंबीसाठी हे सगळं चूक होतं असं कोणी म्हणत असेल तर मला पटणार नाही. शिवाय गरुडेश्वरचा बंधारा उगीच नाही. नदीपात्रातल्या वीजगृहाची यंत्रं उलटीही फिरतात, खालचं पाणी पुन्हा वर चढवायला तिथे पाणी अडवून ठेवावं लागतं. आणि धरणाखाली ६०० क्यूसेक, म्हणजे सेकंदाला ६०० घनफूट, पाणी सोडायचं ठरलेलं आहे. पाणी समुद्रात वाहून वाया घालवण्यापेक्षा वापरलेलं बरं, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि मी ते मनापासून मानलं.

मीठगोडं, तुम्हाला सरळ विचारतो. ६०० क्यूसेक कमी आहेत का?

मीठगोडं

काका, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. तुमच्या म्हातारीच्या नळाविरुद्ध माझ्याकडे एक शब्द नाही. माझी सासुरवाडी सुरेंद्रनगरची, ते दिवस मला माहीत आहेत.

६०० क्यूसेक म्हणजे सेकंदाला सतरा घनमीटर. भडोचला पात्र किती रुंद आहे ते तुम्ही गोल्डन ब्रिजवरून पाहिलं असेलच, आणि समोर खंबातच्या आखाताची भरती, देशातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी. त्या भरतीला ही धार थोपवू शकत नाही. वीजगृह चालू असेल तेव्हा पाणी येतं, बंद असेल तेव्हा नाही. खाडीला रोजचं लागतं.

आणि एक गोष्ट मला नेहमी टोचते. १९७९च्या लवादाच्या निवाड्यात नर्मदेचं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून वाटलं गेलं. मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा, महाराष्ट्राला पाव. बेरीज करून बघा, अठ्ठावीसचे अठ्ठावीस संपले. धरणाच्या खालच्या नदीचा स्वतःचा वाटा त्यात धरलाच नाही. आपल्या घरी जेवणाची पानं मांडताना सगळ्यांची मांडली आणि स्वयंपाक करणारीचं राहून गेलं, तसं झालंय.

"वाया" या शब्दाशी माझं भांडण आहे. खाडीत गेलेलं गोडं पाणी तिथे काम करतं. ते खारं पाणी मागे रेटतं, त्या मधल्या पट्ट्यात पालव्याची आणि कोलंबीची पुढची पिढी तयार होते, आणि त्यावर भडोच ते दहेजपर्यंतची कोळ्यांची घरं चालतात. आता भडोचच्या खाली, नदीच्या मुखाकडे, भाडभूतला नव्वद दरवाजांचा बराज, म्हणजे नदीवर आडवा बंधारा, होतोय. त्याने खारं पाणी आत येणं थांबेल, भडोचला गोडं पाणी मिळेल, हे खरं. पण दरवाज्यांच्या आत गोडं तळं आणि बाहेर समुद्र झाला, तर मधला पट्टा मावणार कुठे? तिथल्या कोळ्यांचा विरोध याचसाठी आहे. मला विचाराल तर ते बरोबर आहेत.

कमाटीबाग

मी इथे एम.एस. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकते. दोनच गोष्टी, कारण परीक्षा आहे.

पोर्तो रिको बेटावर नद्या छोट्या आहेत आणि तिथल्या कोळंब्यांचाही असाच नदी-समुद्र-नदी प्रवास असतो. तिथे एका नदीवर पिण्याचं पाणी उचलायला ठेंगणा बांध आहे. खाली समुद्राकडे वाहत निघालेल्या पिल्लांपैकी सरासरी ४२ टक्के पिल्लं त्या पाण्याबरोबर खेचली जाऊन मरतात, असं मोजलं गेलं. पण पिल्लं मुख्यतः संध्याकाळनंतरच्या काही तासांत वाहतात. तेवढे तास उपसा बंद ठेवला तरी मरणारी पुष्कळ वाचतात. मला यात आशा दिसते, कारण यात बांध पाडायचा नाही, फक्त वेळ पाळायची आहे. आणि त्याच बेटावर मोठ्या धरणांच्या वर जिथे कोळंबी पोचत नाही, तिथे दगडांवर शेवाळ आणि बारीक गाळ कितीतरी जास्त साचलेला आढळला. कोळंबी दगड खरवडून खाते म्हणून खालची नदी स्वच्छ राहते.

दुसरी गोष्ट सेनेगलची. १९८६ मध्ये तिथे नदीच्या मुखाजवळ दियामा धरण झालं, खारं पाणी अडवायला, म्हणजे भाडभूतसारख्याच हेतूने. तिथली मोठी कोळंबी मॅक्रोब्रॅकियम वोलेनहोवेनी, ती गोगलगायी खाते. धरणानंतर तिची वाट बंद झाली, पाणी गोडं झालं, गोगलगायी वाढल्या, आणि त्या गोगलगायींतून पसरणारा शिस्टोसोमियासिस हा रोग आसपासच्या गावांत भयंकर वाढला. लघवीतून रक्त जाणारी मुलं. पुढे एका गावाच्या पाणवठ्यावर ही कोळंबी परत सोडून पाहिली, तेव्हा रोगी गोगलगायी आणि लोकांमधला संसर्ग दोन्ही कमी झाले. आपल्याकडे तो रोग तसा पसरलेला नाही, पण कोलंबी गेली म्हणजे फक्त खडखडलं गेलं असं नसतं, एवढंच म्हणायचंय.

कालव्याकाठचा

वाट्याची बेरीज मी आयुष्यभर तोंडपाठ म्हणत आलो. त्यात नदीचं पान नाही हे आज पहिल्यांदा त्या नजरेने पाहिलं. पाणी सोडायची वेळ आणि प्रमाण ठरवणं कागदावर अवघड नसतं, ते आम्ही पिकांच्या पाळ्यांसाठी दर हंगामात करतच होतो. जून-जुलैत खाडीसाठी एक पाळी ठरवता येईल. माझे काही जुने सहकारी अजून बैठकांना जातात. त्यांना हे मराठीत नाही, गुजरातीत लिहून देईन. मीठगोडं, तुमच्या वहीतली खारटपणाची मापं मला मिळतील का? आकड्यांशिवाय तिथे कोणी ऐकत नाही.

मीठगोडं

वही आहे काका, कडेला वाळवी लागलीय पण आकडे शाबूत आहेत. दांडिया बाजारात कुठेही भेटू, मी घेऊन येतो. गोड्या पाण्यातल्या मासळीवर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेचं केंद्र बडोद्यातच आहे, त्यांना दाखवली तर माझ्या मापांची पडताळणीही होईल.

ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. बाजारात पोटाखाली अंडी चिकटलेली कोलंबी दिसली तर ती समुद्राच्या टायगरसारखी नव्हे हे नक्की, कारण टायगर अंडी पोटाशी बाळगत नाही, थेट पाण्यात सोडते. आणि आषाढ ते भाद्रपद अशी अंडेवाली मिळाली तर कृपा करून घेऊ नका. तुमच्या आईंनी घेतली तेव्हा नदीत पुष्कळ होत्या, त्यांचा काही दोष नाही. पण आता त्या एकेका घोसात लाखभर जीव आहेत आणि त्यांतले वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

सुरसागरकाठ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण बाबांना सगळं वाचून दाखवत होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्याने, दोनदा वाचलं. उलटी पोहणारी पिल्लं आणि मग सरळ होऊन गोड्या पाण्याकडे चढणारी, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, झाडेश्वरच्या बाजूला पहाटे रुळांची तपासणी करताना काठाच्या ओल्या दगडांवर त्यांनी बारीक बारीक कोलंबीची रांग पाहिली होती. हजारोंनी. त्यांना वाटलं होतं की भरतीने बाहेर फेकलीय, आणि त्यांनी टोपीने काही पाण्यात परत ढकलली होती. साल त्यांना नक्की आठवत नाही, पण माझी धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती म्हणाले, म्हणजे १९७८.

मावसभावाला हा धागा पाठवलाय. त्याने वाचला, आणि "तळं म्हणजे नदी नाही, कळलं" एवढंच लिहिलं.

मीठगोडं, अंडेवाली मी घेणार नाही. त्या बाजारातल्या बाईचा नंबर मी तेव्हा घेऊन ठेवला होता. काल तिला फोन केला आणि विचारलं की यंदा नदीची पहिली अंडेवाली कधी दिसली ते लक्षात ठेवशील का. ती म्हणाली, तिचा दीर भाडभूतहून होडी घेऊन जातो, तो सांगेल. तारीख, जागा आणि अंड्यांचा रंग शेंदरी की करडा, एवढं मी दर वेळी लिहून घेईन. तुमच्या वहीत शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे ते सांगा, मी तिथून पुढे धरते.